रिकामं घर नसलेलं गाव

आमच्या गावात एकही घर रिकामं नाही, अशी सरकारदरबारी नोंद झाली ती आमच्यामुळे. आमच्यामुळे म्हणजे हैदराबादेत येऊन राहिलेल्या त्या गावच्या मंडळींमुळे. निम्म्या दारांना कुलपं असलेल्या गावाबद्दल असं लिहिलं जायला नुसता सरकारी गलथानपणा पुरत नाही. त्याला माणसांची माया लागते, आणि ती आमच्याकडे जरा जास्तच होती.

गाव देगलूरच्या बाजूला. तेलंगणाची हद्द ओलांडली की मोठा रस्ता सोडून थोडं आत. वडील शिकायला हैदराबादला आले तेव्हा गाव आणि शहर एकाच राज्यात होतं. पुढे राज्यं बदलली, हद्दी बदलल्या. पण वडिलांना इथल्या एका मराठी शाळेत मास्तरकी मिळाली होती आणि नल्लकुंट्यात दोन खोल्यांची जागा मिळाली होती, ती सोडून जाणार कुठं? आम्ही दोघं भावंडं इथेच जन्मलो. दादा थोरला, मी धाकटी, शेंडेफळ. लग्न मी केलं नाही आणि वहिनी गेल्यानंतर दादाला एकट्याला सोडवेना, म्हणून आता उतारवयात आम्ही दोघं पुन्हा त्याच नल्लकुंट्यात एका छपराखाली भांडत असतो.

माझं लहानपण शहरात गेलं असं म्हणताना मात्र जीभ अडखळते. घर नावाला शहरात होतं. सकाळची गाडी गौलीगुड्याच्या बसस्टँडला लागली की तासाभरात आमच्या दारात कुणीतरी उभं राहायचं. कुणाचं डोळ्याचं ऑपरेशन, कुणाची कोर्टात तारीख, कुणाच्या पोरीची परीक्षा, कुणाला आबिड्सला जाऊन लग्नाचं कापड घ्यायचंय. कोण आलंय हे बघायच्या आधीच आई तवा चढवायची. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेजारच्या तेलुगू काकूंकडून शिकलेला चारू, म्हणजे चिंचेचं सार, हा बेत ठरलेला. ओसरीत रात्रंदिवस कुणाची तरी वळकटी असायची. एक आजोबा तारखेसाठी यायचे आणि कोर्टाचं काम उरकल्यावरही दोन-चार दिवस रेंगाळायचे, कारण त्यांची आमच्या दूधवाल्याशी गट्टी जमली होती. दूधवाल्याला मराठी येत नव्हतं आणि आजोबांना तेलुगू. तरी रोज सकाळी दोघं म्हशीच्या तब्येतीवर अर्धा तास बोलत, आणि दोघांचंही समाधान झालेलं दिसे.

तेव्हा मला या सगळ्याचा वैताग यायचा. पाहुण्यांना टॉवेल नेऊन दे, पाहुण्यांसाठी गादी सोड, पाहुण्यांना बस दाखव. आज ते ओसरीतलं घोरणं पुन्हा ऐकावंसं वाटतं. गाव मला कळलं ते उन्हाळ्याच्या सुट्टीत जितकं, त्याहून जास्त त्या ओसरीत. कुणाची विहीर आटली, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कुणाच्या बांधावरून डोकी फुटली, हे सगळं मला नल्लकुंट्यात बसून ठाऊक असे.

वडील निवृत्त झाले आणि त्यांनी गावात घर बांधलं. तीन खोल्या, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, पुढं रुंद ओसरी. आईची अट एकच होती. म्हातारपणी ती लोटा घेऊन रानात जाणार नव्हती. म्हणून मागे संडास-न्हाणी बांधली, भिंतींना पांढऱ्या टाइल्स लावल्या. त्या टाइल्स बघायला गावातल्या बायका यायच्या. आई त्यांना चप्पल काढायला लावून आत न्यायची, देवघरात नेल्यासारखी. आम्ही अजून तिची त्यावरून थट्टा करतो.

काही वर्षं ती दोघं तिथं सुखात राहिली. मग वडिलांची किडनी बिघडली आणि त्यांना नल्लकुंट्याला आणावं लागलं. निघताना आईनं शेजारच्या मावशींना बजावलं, की काही झालं तरी दार कोरडं ठेवू नका. ज्यांनी असं दार पाहिलं नाही त्यांना यातलं गांभीर्य कळायचं नाही. आमच्याकडे घरात कुणी गेलं की सुतक फिटेपर्यंत दारात सडा पडत नाही, रांगोळी निघत नाही. रोज सकाळी कोरडं दार म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकणार. वडील इथे दवाखान्यात असताना तिथं दार कोरडं राहणं आईला सहन होणारं नव्हतं. मावशींनी शब्द पाळला. वडील गेले, पुढे आई गेली, दोन्ही वेळा सुतकापुरता सडा बंद राहिला आणि मग पुन्हा सुरू झाला.

हे बघून हैदराबादेतली इतर कुटुंबंही मावशींना सांगू लागली. कुणी विद्यानगरात, कुणी कुकटपल्लीत फ्लॅट घेतलेले, गावातलं घर बंद. विकवत नाही, राहवत नाही. मग मावशींनी आपल्या सुनेला हाताशी धरलं. दोघी पहाटेपासून एकेक बंद दार करत निघायच्या. शेणाचा सडा, चार बोटांची रांगोळी, तुळशीला तांब्याभर पाणी. हातात फोन आले तशी सून फोटो पाठवू लागली. आमच्या गावच्या हैदराबादकरांचा एक ग्रुप आहे, त्यावर रोज सकाळी एकामागून एक दारं उमटायची. मग त्यात चढाओढ सुरू झाली. कुकटपल्लीच्या एकांच्या दारात मोर निघाला की विद्यानगरच्यांना कमळ हवं. दिवाळीत तर मावशींची सून रंगांच्या पिशव्या घेऊन फिरायची. दादा चहाचा पहिला घोट घ्यायच्या आधी आमच्या दाराचा फोटो बघायचा. चष्मा वर करून, फोन डोळ्याजवळ नेऊन. मग म्हणायचा, आज तुळस जरा मलूल दिसतेय. दोनशे किलोमीटरवरची तुळस.

माझी नोकरी याच विषयातली होती, हे सांगितलं पाहिजे. शहराबाहेर एक प्रशिक्षण संस्था आहे, तिथं गावोगावचे सरपंच, ग्रामसेवक, अधिकारी शिकायला येतात. मी तिथं मराठी तुकड्यांसाठी दुभाषी होते. ग्रामविकासावरची व्याख्यानं मी आयुष्यभर मराठी केली. व्याख्याते बदलत, पडद्यावरचे तक्ते बदलत, पण सूर एकच असे. खेडी ओस पडताहेत, त्यांच्यात पुन्हा जीव आणायचा, गेलेल्यांना परत बोलवायचं. हे शेवटचं वाक्य मी नेहमी मनापासून बोलत असे. कधी कधी मूळ व्याख्यात्यापेक्षा जास्त मनापासून, त्यामुळे समोरच्या बायका पदरानं डोळे पुसत आणि व्याख्याते चकित होऊन माझ्याकडे बघत. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या ताटाशी जाऊन बसे, कोणत्या गावच्या, पाऊसपाणी कसं, विचारत असे. ते दिवस फार चांगले होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी अजून बुधवारी सकाळी साडी नेसून तयार व्हावंसं वाटतं, कारण नवी तुकडी बुधवारी येत असे.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका तुकडीबरोबर आमच्या गावची सरपंच आली. पस्तिशीची बाई, लग्न होऊन गावात आलेली, बोलायला फटकळ. रविवारी सुट्टी मिळाली तशी ती पत्ता शोधत नल्लकुंट्याला आली. हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी आणि कारळाच्या चटणीचा डबा. दादाला केवढा आनंद झाला. गावाहून कुणी येणं बंदच झालं होतं. आता लोक नांदेडला जातात, कामं फोनवर होतात. दादानं तिला आग्रहानं खुर्चीवर बसवलं, ती मोठ्यांसमोर खाली बसायला लागली होती. दादा इतकी वर्षं वकिली करून आता घरी बसलेला, त्यामुळे ती त्याला वकीलसाब म्हणत होती आणि मला आत्याबाई.

जेवण झाल्यावर तिनं विषय काढला. सरकारची एक नवी योजना होती. ज्या गावांतून माणसं निघून गेली आहेत, तिथली बंद पण धडकी घरं पंचायतीनं करारावर घ्यायची, सरकारनं ती नीट करून द्यायची आणि त्यात नर्स, शिक्षिका अशी गावात मुक्कामाला राहणारी माणसं ठेवायची. या बाईची सगळी धडपड नर्ससाठी होती. आहे ती नर्स तालुक्याहून जीपनं यायची आणि परतीची जीप चुकू नये म्हणून दुपारी निघून जायची. त्यानंतर कुणाला कळा आल्या, कुणाला साप चावला, तर देवावर हवाला. पण योजनेच्या यादीत आमचं गाव बसलंच नव्हतं. पाहणीला जी पोरं आली होती ती सकाळच्या वेळी आली. दारोदार ताजा सडा, रांगोळी, ओली तुळस. कुलूप दिसलं तरी त्यांनी गृहीत धरलं की घरची माणसं शेतात गेली असणार. प्रत्येक दाराचा फोटो काढून त्यांनी लिहून टाकलं, की सगळी घरं वस्तीची.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तुमच्या रांगोळीनं माझी नर्स नेली बघा."

मला हसू फुटलं. दादा हसला नाही. ती पुढं सांगत राहिली. चूक दुरुस्त करता येत होती. मालकानं स्वतःहून घर देतो असं पंचायतीला कळवलं, तर दिवाळीपर्यंत नर्स मिळणार. नाहीतर शेजारच्या गावानं घर दाखवून ठेवलेलंच होतं, तिकडे जाणार, आणि एकदा तिकडे गेली की आमच्याकडे कधी यायची नाही. तिनं बंद घरवाल्या सगळ्यांना फोन केले होते. कुठं भावकीचा वाद, कुठं चार वारसांपैकी एक परदेशात, आणि बहुतेकांकडे न्हाणीघरच नाही. नर्ससाठी ती पहिली अट होती. गावात अशी सोय असलेलं, वादात नसलेलं बंद घर एकच होतं. ते ज्यांच्या नावावर होतं ती दोघं तिच्यासमोर बसली होती.

दादानं तिला पुन्हा चहा दिला, बसस्टॉपपर्यंत सोडून आला आणि जाताना म्हणाला, विचार करून कळवतो. वकील जेव्हा विचार करतो म्हणतो तेव्हा त्याचा विचार झालेला असतो, हे मला घरात राहून ठाऊक आहे. मी विचारलं तेव्हा तो कायद्याचं बोलायला लागला. करार किती वर्षांचा, ताबा परत मिळण्याची हमी काय, सरकारी माणूस एकदा घरात शिरला की… मी म्हटलं, हे सगळं तुला लिहून घेता येतं, तू जन्मभर तेच केलंस. मग तो म्हणाला, आपण जाणार आहोत ना तिकडे राहायला.

मी चिडले. माझा स्वभाव शांत नाही, आणि दादा असं काही बोलला की उरलासुरला शांतपणाही जातो. आई गेल्यापासून तो त्या घरात एक रात्र झोपला नव्हता. हृदयाचं ऑपरेशन झालेलं, महिन्याला डॉक्टर. मी हे सगळं त्याच्या तोंडावर बोलले. तो सावकाश बोलला, आणि ते बोलणं मला लख्ख आठवतं.

"त्या घराला आपलं कुलूप आहे तोवर मी जाणार आहे असं मला म्हणता येतं. ते दुसऱ्या कुणाला दिलं की मी काय म्हणू?"

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. इतकी वर्षं परक्या सरपंचांसमोर परत फिरा, परत फिरा म्हणून मी घसा कोरडा केला तो काही नुसता पगारासाठी नव्हता. मलाही कधीतरी फिरायचं होतं.

त्याच आठवड्यात कुकटपल्लीहून दादाची मुलगी आली. तिला मराठी बोलता येतं, पण ते इंग्रजी-तेलुगूच्या कुबड्या घेऊन. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "देऊन टाका ना बाबा, लाइट तीस्को. तसंही कोण जातंय तिथं?" मनाला लावून घेऊ नका, एवढाच तिच्या बोलण्याचा अर्थ. ती वाईट नाही. पण दादाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. दुसऱ्या दिवशी त्यानं बॅग काढली. म्हणाला, मी राहायला जातो. घर वस्तीचं आहे म्हणून लिहिलंय ना, मग ते वस्तीचंच करतो. त्याला एकट्याला सोडणं शक्यच नव्हतं, म्हणून गोळ्यांचा डबा, हीटर आणि माझी कुरकुर घेऊन मीही निघाले.

पहिला दिवस सणासारखा गेला. मावशी आल्या, मावशींची सून आली, सरपंच आली. ती शहाणी बाई, घराचा विषय काढला नाही. कुणी दूध आणून दिलं, कुणी वांगी. दादा ओसरीत खुर्ची टाकून बसला आणि येईल त्याच्याशी बोलत राहिला. दारात सडा पडला तेव्हा तो उठून बघायला गेला. इतकी वर्षं फोनच्या चौकटीत बघितलेली रांगोळी त्याला खूप लहान वाटली, असं तो मला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी माणसं कमी आली आणि नंतर येईनाशी झाली. यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. हंगामाचे दिवस, ज्याला त्याला काम. दादा काठी घेऊन पारावर जायचा. तिथं बसलेल्यांना तो आपल्या वयाच्या लोकांबद्दल विचारायचा. अमक्याचा थोरला कुठं असतो? हैदराबादला. तमक्या गुरुजींचा मुलगा? तोही तिकडेच, तुमच्या विद्यानगराकडे. ज्याच्यासोबत तो विहिरीत पोहला होता तो नल्लकुंट्यात आमच्या मागच्याच गल्लीत राहतो आणि दर संकष्टीला भेटतो. एका संध्याकाळी दादा घरी आला आणि काठी कोपऱ्यात ठेवत म्हणाला, अगं, माझी ओळखीची माणसं या गावापेक्षा नल्लकुंट्यात जास्त आहेत. तो हसत होता, पण मला ते हसू बघवलं नाही. मी उगाच भाजी निवडत बसले.

मग लसीकरणाचा दिवस उजाडला. आमच्या घरासमोर ग्रामदेवतेचं छोटं देऊळ आहे, त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेत नर्स टेबल मांडून बसली होती. ही तालुक्याहून येणारी नर्स. भर उन्हात. लेकुरवाळ्या बायका भिंतीच्या बारक्या सावलीत दाटीवाटीनं उभ्या होत्या. सावली सरकली की सगळ्या सरकत. पोरं रडत होती, एकाला सुई टोचली की रांगेतली सगळी सूर धरत. दादा ओसरीतून बघत होता. बघता बघता तो उठून कठड्यापाशी गेला.

"इतकी लेकरं आहेत या गावात?" त्यानं मला विचारलं.

मी तर गावं ओस पडताहेत असं शेकडो वेळा मराठी केलं होतं. निम्मी घरं बंद म्हणजे गाव निम्मं मेलं, असं आम्ही धरून चाललो होतो. उरलेल्या निम्म्यात माणसं राहतात, त्यांच्यात लग्नं होतात, बायका बाळंत होतात, हे डोक्यात असायचं, पण डोळ्यांसमोर नसायचं. आमच्या ग्रुपवर फोटो यायचे ते फक्त बंद दारांचे. उघड्या दारांचा फोटो कशाला कोण पाठवेल? त्या दिवशी दादानं सरपंचांना हाक मारून एकेका लेकराबद्दल विचारलं. हे कुणाचं, ते कुणाचं. तिनं सांगितलेल्या बहुतेक घरांशी आमची ओळखच नव्हती. काही पलीकडच्या वस्तीतली, काही मागून येऊन स्थायिक झालेली, काही आमच्या शेतात ज्यांचे आजे राबले त्यांची. गाव चांगलं भरलेलं होतं. त्यात आम्ही नव्हतो, इतकंच.

दादानं त्या बायकांना ओसरीत बोलावलं. आधी त्या लाजल्या, मग एक आली आणि मागोमाग सगळ्या. नर्सनं टेबल आत घेतलं. शहाबादी फरशीवर बायका टेकल्या, कुणी पोराला पाजायला घेतलं, कुणी आत येऊन माझ्याकडे पाणी मागितलं. एका लेकराला शी झाली तसा मी न्हाणीघराचा दरवाजा उघडून दिला. आईच्या पांढऱ्या टाइल्सवर चिखलाची पावलं उमटली, आणि कुणीही चप्पल काढली नव्हती. मला एकदम आईची आठवण येऊन रडू आलं. ओसरीतली एक पोरगी म्हणाली, आत्याबाई, धूर लागला का. चूल पेटलेलीच नव्हती, तरी मी हो म्हटलं.

दुपारी नर्सची जीप आली आणि ती गेली. ओसरी रिकामी झाली. दादानं त्या संध्याकाळी मला विचारलं, तुझी संमती आहे ना. मी मान हलवली. तो पंचायतीत गेला तेव्हा त्यानं करारातल्या एकेका ओळीवर एवढी खळखळ केली की ग्रामसेवक घामाघूम झाला. पण सही केली. आईच्या काही वस्तू आम्ही मावशींना दिल्या आणि देवघरातले देव माझ्या पिशवीत घालून परतलो. गाडीत तो तेलंगणाची हद्द मागे पडेपर्यंत खिडकीबाहेर बघत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तो ते पुसतही नव्हता. मी त्याचा हात धरला. आमच्याकडे भावंडं असे हात धरत नाहीत, पण मी धरला.

दिवाळीच्या आधी नर्स मुक्कामाला आल्याचं सरपंचांनी कळवलं. ग्रुपवर बरीच चर्चा झाली. कुणी आमचं कौतुक केलं, कुणी तोंडावर गोड बोलून मागं नावं ठेवली. मुक्कामाची नर्स मिळाल्यावर तालुक्याची माणसं बाकीची बंद घरंही नीट बघून गेली, हे मात्र खरं. आता एका घराला न्हाणी बांधून घ्यायचं चाललंय, शिक्षिकेसाठी. कागदावरचं धोरण गावात उतरतं ते असं, एकेका न्हाणीघरानं. इतकी वर्षं नोकरी करून मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ते फक्त मराठी करून मोकळी झाले असते.

गेल्या फाल्गुनात भावकीतल्या एका लग्नासाठी आम्ही तिकडे गेलो. लग्न देगलूरला होतं. दादाच्या मनात गावात जाऊन यायचं होतं, ते त्यानं बोलून दाखवलं नाही, पण जेवण झाल्या झाल्या त्यानं रिक्षा ठरवली. आमच्या दारात स्कूटी लावलेली होती. ओसरीच्या दोरीवर छोटी झबली वाळत होती, म्हणजे नर्सला लेकरू असावं. दोन बायका बाकावर बसल्या होत्या, एक पोट सांभाळत. आम्ही पायऱ्या चढून कठड्यापाशी थबकलो. आत शिरायचं की हाक मारायची, हे दोघांनाही कळेना.

नर्स पडदा सारून बाहेर आली. तरुण, गोल चेहऱ्याची, केस घाईनं बांधलेले. करार झाला तेव्हा ती नव्हती, आम्हाला तिनं कधी पाहिलं नव्हतं. दादाच्या हातातली काठी आणि चढलेली धाप बघून तिला वाटलं, पेशंट असावेत. तिनं एका बाईला सरकायला सांगून बाकावर जागा केली.

"बसा काका," ती म्हणाली. "कुठून आलात?"

हा प्रश्न दादाला जन्मभर विचारला गेला आहे. बर्कतपुऱ्यातल्या लग्नांत, कोर्टाच्या व्हरांड्यात, दवाखान्यात, रिक्षात. त्यानं प्रत्येक वेळी या गावाचं नाव सांगितलेलं आहे. ज्यांनी ते कधी ऐकलं नसणार अशा तेलुगू डॉक्टरांना, रिक्षावाल्यांनासुद्धा, देगलूरच्या कुठल्या बाजूला ते समजावून देत. त्याच्या तोंडून दुसरं उत्तर मी कधी ऐकलं नव्हतं.

त्यानं एकदा दाराकडे पाहिलं. मग तो बाकावर बसला.

"हैदराबादहून," तो म्हणाला.

"अगं बाई, इतक्या लांबून?" म्हणत तिनं आतून पाण्याचा पेला आणला. दादानं तो दोन्ही हातांनी घेतला, सगळं पाणी प्यायला आणि पेला परत देताना तिला थँक यू म्हणाला.